गाडी झ्याक हाय

१९९६ च्या हिवाळ्यात मी इंदापूरच्या एका डॉक्टरांची जुनी स्पोर्ट्स कार पाहायला गेलो. मीटरवर दीड लाख किलोमीटर होते. मला ती घ्यायचीच होती. फक्त बारामतीहून सोबत नेलेल्या मिस्त्रीने हो म्हणायला हवे होते.

इंजिनाला पाना टेकवून त्याचे दुसरे टोक तो कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. सरळ उत्तर मात्र त्याच्याकडून कधी मिळायचे नाही.

उसाच्या बैलगाड्या चुकवत आम्ही तासभर फिरलो.

“गाडी झ्याक हाय,” तो म्हणाला.

“मग घेऊ?”

“घ्या असं मी कुठं म्हणलं?”

“म्हणजे नको?”

“तसं बी न्हाय म्हणलं.”

“अहो मिस्त्री, हो की नाही, एवढंच सांगा!”

“लई घाई करता राव तुमी.”

चहाला थांबलो तेव्हाही त्याने इंजिन चालूच ठेवले. बंद करा म्हटले, तर माझ्या बुटांकडे बघत म्हणाला, “आन् पुन्हा चालू न्हाय झाली तर ढकलणार कोण, तुमी?”

परत येताच मला न विचारता त्याने किल्ली डॉक्टरांच्या हातात दिली. “जपा सायेब गाडीला,” म्हणाला आणि एसटी स्टँडकडे चालू लागला. मी मागून पोचलो, तेव्हा बारामतीच्या एसटीत त्याने खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली होती.