गॅलरीखालची खोली

मैदान मोडून तिथे बाजार उभा केला, याचा मला राग नाही. जागा सरकारची. राग आहे तो त्या यादीचा. ती माझ्यामुळे बिघडली असं घरात अजून म्हणतात, त्याचा तर जास्तच.

हे त्या मैदानावर माळी होते. हिमायतनगरच्या पलीकडे ते मैदान. सिकंदराबादहून लष्कराचे फुटबॉलवाले खेळायला आले की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसायची. त्याच गॅलरीच्या पायऱ्यांखाली आमची खोली. छत मागे उतरत गेलेलं, तिकडे बसूनच वावरायचं. गोलाच्या जाळ्या, चुन्याची पोती, पाण्याचे पाइप, सगळं आमच्यात. सामना रंगला की वर पाय आपटायचे आणि खाली भाकरीच्या पिठात माती पडायची. नऊ वर्षं अशी काढली.

मराठवाडा तुटून मुंबईकडे गेला, त्या सुमाराला मैदान मोडायचं ठरलं. खाली दुकानं, वर दफ्तरं, त्याच्यावर राहायची घरं, कोपऱ्यात सिनेमा. मैदानावर राहणाऱ्या नोकरांना मागच्या बाजूच्या चाळीत एकेक खोली मिळणार होती. यादीत नाव असेल तर.

यादी करायला कारकून आला त्या दिवशी हे भावाच्या दहाव्याला गावी गेले होते. मी एकटीच.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. रेशनला, दवाखान्यात शेजारची धोबीण माझ्यासाठी नाव सांगायची आणि वर टोमणा मारायची, "इत्ता बडा साब है क्या तेरा मरद?" पण तिची खोली सकाळीच लिहून झाली होती आणि ती गाठोडी घेऊन मुशी नदीवर गेली होती.

कारकून दारात उभा. मरद का नाम बोलो अम्मा, असं त्याने तीनदा विचारलं. मी पदर ओढून गप्प. शेवटी हात पुढे करून त्याची पेन्सिल मागितली आणि चिठ्ठीवर यांचं नाव आडनावासकट लिहून दिलं. चौथीपर्यंत शिकले आहे, अक्षर चांगलं आहे माझं. जुन्या कारकुनाला मराठी वाचता यायचं, पण तो औरंगाबादेला बदलून गेला होता. हा नवा, तेलुगू मुलखातला. त्याने चिठ्ठी पाहिली, आत डोकावून जाळ्या पाहिल्या, सोबतच्या शिपायाला काहीतरी म्हणाला. दोघे हसले. चिठ्ठी त्याने खिशात घातली. मला वाटलं, काम झालं.

यादी लागली तेव्हा यांनी ती दुसऱ्याकडून वाचून घेतली. आमच्या खोलीपुढे लिहिलं होतं, गोदाम, राहणारं कोणी नाही. दारात चूल पेटलेली त्याला दिसली नाही? मी दिसले नाही?

"चौथी शिकलीस, आणि एक नाव सांगता आलं नाही?" हे म्हणाले.

मी म्हटलं, लिहून दिलं होतं. त्याला तुझी मराठी काय कळणार, म्हणाले. लग्नाच्या पहिल्या वर्षी चुकून नाव तोंडातून गेलं, तेव्हा हेच दोन दिवस माझ्या हातचं जेवले नव्हते. ते मात्र त्यांना आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कचेरीत गेलो. हे दारापाशी थबकले. मी टेबलापुढे गेले आणि नाव सांगितलं, मोठ्याने, आडनावासकट. सगळ्यांनी माना वर केल्या.

"अब बोले तो क्या फायदा अम्मा," कारकून म्हणाला. "लिस्ट ऊपर गई."

मी चिठ्ठी मागितली. कुठली चिठ्ठी, म्हणाला. तेवढ्यात हे पुढे आले आणि त्याला हात जोडले.

"हात कशाला जोडता? चूक त्याची आहे," मी म्हणाले. कारकुनाला ते कळलं नाही. यांना कळलं.

परतताना घर जवळ आल्यावर हे म्हणाले, "चारचौघांत माझं नाव घेतलंस." खोली गेली, त्याबद्दल एक शब्द नाही.

आम्ही बेगम बाजाराच्या मागे भाड्याने राहायला आलो. धोबिणीला चाळीत खोली मिळाली, खिडकीची. ती दर वेळी ये म्हणते. मी अजून गेलेली नाही.