डेस्मंडची पाठ

आज रिकामी कढई गॅसवर तापत राहिली आणि त्या वासानं बर्मिंगहॅमचं जुनं घर आठवलं. शेजारचा डेस्मंड तेलाचं पिंप कापून, जाळावर तापवून, हातोडीनं त्यात सूर ठोकायचा. त्या स्टील ड्रमवर तो कॅरिबियन गाण्यांत जॅझ मिसळून वाजवायचा.

एका दुपारी तीन पोरं लोखंडी सळया घेऊन त्याच्या अंगणात ड्रम फोडायला शिरली. डेस्मंड ड्रमवर पालथा पडला. सळया त्याच्या पाठीवर बसत राहिल्या.

"अहो, मारतील त्याला," मी ओरडले. हे धावले, तशी पोरं पळाली.

रक्त थुंकत डेस्मंडनं आधी एकेक सूर वाजवून पाहिला आणि मग तो इंग्रजीत काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"सगळे सूर जागेवर आहेत म्हणे. वेडा आहे."

तेव्हा मलाही तसंच वाटलं. पुढे मोठमोठ्या कार्यक्रमांत तो वाकूनच वाजवायचा. लोकांना ती त्याची ढब वाटायची.