बापाच्या हातावर दुसऱ्याचं नाव

"खाली उतर. बैलं हलगीबिगर हलत न्हाईत."

आबा असं म्हणाले तेव्हा मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा होतो. बेंदराचा, बैलांच्या सणाचा दिवस. कवठे महांकाळ तालुक्यातलं आमचं गाव. ट्रॉलीवर डॉल्बीच्या भिंती, मधे मिक्सर, लॅपटॉप, आणि लॅपटॉपमागे मी. वाजत होता तो ट्रॅक माझा. टेक्नोचा ठोका आणि त्याच्या पोटात हलगी. पोरं घामाघूम होऊन नाचत होती.

आबा म्हणजे गावातली बडी असामी. डॉल्बी त्यांच्या पोराची, धनंजयची. त्याला सगळे डीजे धनू म्हणतात. मी त्याच्याकडे कामाला. आम्ही मातंग. हलगी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

मी म्हणालो, "आबा, हलगी वाजतीया की. ट्रॅकमधी हाय."

"यंत्रातली न्हवं. मानाच्या बैलाम्होरं तुमच्या घरातलीच हलगी लागती. तुझ्या बाचं गुडघं गेल्यात. आता तुजी पाळी. उतर."

मी धनूकडं बघितलं. त्यानं गाणं बंद केलं. "जा की गड्या, पाच मिन्टाचं काम हाय."

आमच्या घरातली हलगी आधीच आणून ठेवलेली होती. म्हणजे हे सकाळीच ठरलं होतं. फक्त मला सांगायचं राहिलं होतं. उसाचं पाचट पेटवलं. उकिडवं बसून मी हलगी शेकली, कातडं ताणलं, गळ्यात अडकवली आणि वाजवली. घटकेपूर्वी माझ्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढणारी पोरं आता चार हात लांब उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. पायांनाच माहीत होतं.

वाजवून झाल्यावर आबांच्या घरातून पोळी आली. वरून टाकलेली. मी हात पुढे केला. या गोष्टीची लाज अजून जात नाही. त्यांची नाही, माझी.

धनूकडे मी सुरुवातीला स्पीकर उचलायच्या कामाला लागलो होतो. लॅपटॉप शिकलो तो मोबाईलवरचे व्हिडिओ बघून. अशाच एका व्हिडिओत कळलं की हाऊस आणि टेक्नो हे संगीत अमेरिकेतल्या काळ्या पोरांनी सुरू केलं. शिकागोत, डेट्रॉइटमध्ये. स्वस्तातली, कुणी टाकून दिलेली यंत्रं घेऊन. पुढं जगभर ते वाजलं, आणि नाचणाऱ्यांना त्यांची तोंडंही माहीत नाहीत. मी तो व्हिडिओ सात-आठ वेळा बघितला. मला वाटलं, हे तर आमच्याच वस्तीतलं चाललंय.

मग मी बाची हलगी रेकॉर्ड केली. बा म्हणाला, "जाळ कर. थंड हलगी बोलत न्हाई." भर उन्हात जाळ केला. त्याच्या गुडघ्याखाली गोधडी दिली. तासभर वाजवत होता. त्याच्या उजव्या हाताला एक लकब होती, ठोका किंचित मागं रेंगाळायचा. मी तो सरळ केला नाही. टेक्नोचा ठोकाच त्याच्याकडं वाकवला. ते जमलं त्या दिवशी मी गोडाऊनमध्ये एकटाच नाचलो.

आमच्या धंद्यात ट्रॅकवर टॅग टाकतात. दर अर्ध्या मिनिटाला डीजेचं नाव घुमलं पाहिजे, म्हणजे दुसरा कुणी ट्रॅक चोरत नाही. ट्रॅकवर टॅग पडला "डीजे धनू इन द मिक्स" असा. टाकला कुणी? मीच. धनूचा आवाज घोगरा, म्हणून बोललोही मीच. बाचा ठोका कापून तिथं जागा केली आणि ते नाव चिकटवलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मालकाचं नाव घ्यायची आमची जीभ इतकी पक्की झालेली.

त्याच बेंदराच्या संध्याकाळी बाला तो ट्रॅक मोबाईलवर ऐकवला. त्याला बरं वाटावं म्हणून. तो कान लावून बसला.

"हात माझा हाय," तो म्हणाला. मग टॅग आला. "आन् ह्ये मधी मधी कुणाचं नाव घेतुयास?"

मी ट्रॅक बंद केला. ट्रॉलीवरून उतरताना वाटली नव्हती इतकी लाज मला तेव्हा वाटली.

पुढं तो ट्रॅक लय चालला. साताऱ्यापासून शिराळ्यापर्यंत प्रत्येक वरातीत. सांगलीत एका मंडळानं धनूचा सत्कार ठेवला. हलगी टेक्नोत आणणारा पहिला डीजे म्हणून. मुलाखत घ्यायला कॅमेरा घेऊन एक मुलगी आली होती. तिनं विचारलं, हे सुचलं कसं? मी टेबलाखाली वायरी जोडत होतो.

धनू म्हणाला, "हलगी आमच्या रक्तातच हाय."

मी टेबलाखालून उठलो. कॅमेऱ्यासमोर म्हणालो, "खोटं हाय. हलगी माझ्या बाची हाय आन् ट्रॅक मी केलाय."

ती मुलगी ओशाळून हसली. धनूनं माझ्या पाठीवर थाप मारली. "आमचा ऑपरेटर हाय. गमत्या हाय." मग हळूच म्हणाला, "जा, ट्रॅक लाव."

"न्हाई लावत."

मी वायर काढून खाली ठेवली आणि चालत एसटी स्टँडवर आलो. पुढं तो व्हिडिओ आला. मी त्यात कुठंच नाही. माझं वाक्य कापलेलं. कापायचं कसं ते मला चांगलं माहीत आहे, जोडसुद्धा दिसला नाही.

लॅपटॉप त्यांचा होता. सगळ्या फाईली त्यातच गेल्या. पुन्हा रेकॉर्ड करावं तर बाच्या हाताला आता कंप सुटलाय. तालुक्यात कुणी डॉल्बीवाला मला दारात उभा करत नाही. मी तासगावला बेदाण्याच्या शेडवर मालातल्या काड्या निवडतो. बाहेरून ट्रॅक्टर जातो, माझा ट्रॅक वाजतो, शेडवरच्या बायका निवडता निवडता माना हलवतात. कुणाला सांगू? एकदा सांगितलं तर हसल्या.

गेल्या आठवड्यात धनूचा माणूस घरी आला होता. त्यांना नवीन ट्रॅक जमेना. "धनूभाऊनं बोलवलंय. झालं गेलं सोडून दे. नवा लॅपटॉप घेतलाय, तूच वापर. नाव तेवढं भाऊचं ऱ्हाईल."

बा आतून म्हणाला, "जा रं. काम तर व्हईल."

मला ते काम हवंय. खोटं कशाला बोलू? डोक्यात ठोके चालू असतात, आणि हातात नुसत्या काड्या. मी नाही म्हणालो तर धनूचं काही अडणार नाही. दुसरा मिळेल. आमच्याच वस्तीतला मिळेल, त्याचाही बाप हलगीवाला असेल, आणि तोही टॅग स्वतःच्याच तोंडानं बोलेल. मला हे सगळं दिसतंय.

मी त्या माणसाला म्हणालो, "भाऊला सांग, दुसरा बघ. मी न्हाई. मरंपातूर न्हाई."