नव्वदच्या ॲव्हरेजची गाडी

"थांबव बे, थांबव. गाडी दात खाऊन राह्यली अन् तू अजून रेस देऊन राह्यला!"

मेहकरच्या अलीकडच्या चढावर, भर सकाळी, माझे बाबा मागच्या सीटवरून ओरडत होते. नुसते ओरडत नव्हते, दर शब्दाला माझ्या पाठीत एक गुद्दा घालत होते. बाजूच्या वावरातल्या बायांनी निंदण थांबवलं. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने आम्हाला बघून करकचून ब्रेक मारला, असं मी सांगतो. तो खड्ड्यासाठी मारला होता, असं बाबा सांगतात.

आवाज मात्र खरा होता. चढ लागला आणि ॲक्सिलेटर पिळला की इंजिनातून टिण् टिण् टिण् सुरू व्हायचं. पत्र्याच्या डब्यात मूठभर छर्रे टाकून कुणीतरी हलवावेत तसं. सपाट रस्त्यावर नावालाही नाही. चढ आणि मागे वजन, दोन्ही जमले की हजर. महिन्याभरात तो इतका वाढला होता की मी वेशीबाहेरच्या चढावर असतानाच गावातली कुत्री उठून रस्ता मोकळा करायची. शेजारच्या म्हशीने तर, शप्पथ सांगतो, त्या तालावर कान हलवायला शिकून घेतलं होतं.

बाबा उतरले आणि उरलेला चढ पायी चढले. माझ्या आधी वर पोचले, यावरून गाडीची तब्येत समजा. वर उभे राहून त्यांनी निकाल दिला.

"तुह्या लग्नात मी तुले चावी देली, गाडी नाही देली. रविवारपर्यंत हा आवाज बंद झाला तं ठीक. नाही तं बीबी गावचा एक दूधवाला दोन वर्षांपासून मागून राह्यला, त्याले देऊन टाकतो. तू जाजो एसटीनं."

चिखलीला बियाण्याच्या दुकानात मी कामाला. सकाळची एसटी गावात येते तेव्हा तिच्या दारात लोंबकळणाऱ्यांना धरून आणखी तिघे लोंबकळत असतात. पण खरी गोष्ट ती नव्हती. याच गाडीच्या टाकीवर बसून मी पहिल्यांदा शाळेत गेलो होतो. बाबा अजूनही रोज सकाळी जुन्या बनियनने ती पुसतात. ती टाकी दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅनांखाली दबलेली मला डोळ्यांपुढे दिसायला लागली.

मी उपाय सुरू केले. जाड ऑइल टाकलं. चेन बदलली. लिंबू-मिरची बांधली, ती आवाजाने तिसऱ्या दिवशी आपोआप गळून पडली. आवाज तसाच. कारण काय असावं ते मला समजत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो. समजत होतं थोडं थोडं.

त्याचं असं आहे. आमच्या गावात पानटपरीवर माणसाची पत त्याच्या गाडीच्या ॲव्हरेजवरून ठरते. जमीन किती, शिक्षण किती, हे नंतर. एका संध्याकाळी एकजण म्हणाला पासष्ट. दुसरा म्हणाला सत्तर. माझ्या तोंडून निघालं, नव्वद. टपरीवाल्याचा चुन्याचा हात हवेत थांबला. तेव्हापासून ते नव्वद सांभाळायची जबाबदारी माझ्यावर आली. मी कार्बोरेटरमधलं जेट काढून बारीक छिद्राचं टाकलं, म्हणजे पेट्रोल कमी जावं. शिवाय अंगणातून निघालो की टॉप गिअर, तो परत अंगणातच उतरायचा. खाली गिअर पाडला की पेट्रोल पितं, ही आमच्या टपरीची श्रद्धा आहे. ॲव्हरेज प्रत्यक्षात किती पडतं ते मी कधी मोजलं नाही. मोजलं असतं तर कळलं असतं.

शनिवारी मेहकरच्या मिस्त्रीकडे गेलो. बाबाही आले आणि ऑइलच्या उपड्या डब्यावर न्यायाधीशासारखे बसले. मिस्त्री म्हातारा, चष्म्याला दोरी बांधलेला.

"पेट्रोल कुठलं टाकता?"

"पंपावरचं."

"किराणा दुकानातल्या बाटलीतलं नाही न?"

"नाही हो."

"चढ कोणत्या गिअरमधी चढवता?"

मी बाबांकडे पाहिलं. "तिसऱ्या."

मिस्त्रीने प्लग काढला आणि उन्हात धरला. प्लगचं टोक खडूसारखं पांढरं.

"भाऊ, हे इंजिन उपाशी आहे. नुसती हवा खाऊन राह्यलं, पेट्रोल भेटून नाही राह्यलं त्याले. आपल्या घरी उपाशी बैलाले कोणी नांगराले जुंपते का? जेट कोणं बदललं?"

बाबांनी डबा एक वीत पुढे सरकवला. आता खोटं बोललो असतो तर मिस्त्रीने चुकीचं काहीतरी दुरुस्त केलं असतं आणि रविवारी गाडी बीबीला गेली असती. मी जेट सांगितलं, टॉप गिअर सांगितलं, सांगता सांगता टपरीवरचं नव्वदसुद्धा सांगून टाकलं.

"नव्वद?" मिस्त्री म्हणाला. "सायकल आहे का बे ही?"

बाबा जमिनीकडे बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. रागाने, असं मी तेव्हा धरून चाललो.

मग मिस्त्रीने समजावलं. पेट्रोल कमी, हवा जास्त, वरून चौथ्या गिअरमध्ये चढ, इंजिन तापतं. पिस्टन वर येत असतो, तो पोचायच्या आधीच आतलं पेट्रोल भलतीकडून पेटतं आणि त्याच्या डोक्यावर हातोडा बसतो. तोच टिण् टिण्. "तो आवाज नाही भाऊ, तो मार आहे."

त्याने इंजिनाचं हेड उघडलं. आत इतक्या वर्षांचा कार्बन, भाकरीच्या तव्याच्या बुडासारखा. मी म्हणतो, तो खरवडला तेव्हा गाडी किलोभर हलकी झाली. जुन्या मापाचं जेट बसलं, नवा प्लग बसला, टायमिंग तपासलं. "अन् चढ दिसला का गिअर पाडा," एवढं त्याने मला नाही, बाबांना सांगितलं.

त्या संध्याकाळी टपरीवर मी पंचावन्न सांगितलं. कुणीही विश्वास ठेवला नाही. हा काहीतरी लपवून राह्यला, असं ठरलं.

रविवारी पुन्हा तोच चढ, मागे बाबा. मी तिसरा गिअर टाकला. गाडी चढली. छर्रे नाहीत, हातोडा नाही, फक्त माझ्या लहानपणीचा तो भरदार आवाज आणि पाठीवर बाबांचा हात, या वेळी नुसता ठेवलेला. वर पोचून मी गाडी थांबवली, चावी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती माझ्या मुठीत परत दाबली.

"मंग बाबा, बीबीच्या त्या दूधवाल्याले काय सांगाचं?"

"बीबीत मी कोण्या दूधवाल्याले ओळखत नाही."