कडेवर वाकलेला गुडघा

"बीबी, लकवे ने इतना नहीं बिगाड़ा. घुटना तो गोद में टेढ़ा हुआ."

औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरसाहेब हे बोलले, तेव्हा पाच वर्षांची कुमुद माझ्या कडेवरच होती. लकव्याने केले त्याहून जास्त नुकसान माझ्या कडेने केले होते. उर्दू मला समजत होती, तरी मी यजमानांकडे पाहिले. ते कचेरीत कारकून, निजामाच्या राज्यात दिवसभर उर्दूच लिहायचे. त्यांनी मान खाली घातली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अजिंठ्याला असताना तिला ताप आला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि उजवा पाय चिंधीसारखा लोंबू लागला. तिथल्या डॉक्टरांनी 'इन्फन्टाइल पॅरालिसिस' असे नाव सांगितले. म्हणजे लहान मुलांचा लकवा. पुढे त्यालाच सगळे पोलिओ म्हणू लागले. यावर औषध नाही, म्हणाले. औषध नाही म्हटल्यावर माणूस कुठे जाणार? मी देवीपुढे गेले आणि नवस बोलले, पायात जोर येईपर्यंत हिला भुईला टेकवणार नाही, उभी करीन ती तुझ्यासमोरच.

आणि मी तो पाळला. भाकरी थापताना मांडीवर, आडावर जाताना कडेवर, बाकी वेळ बाजेवर. बायका म्हणायच्या, आई असावी तर अशी. ते ऐकायला मला आवडायचे, खोटे कशाला बोलू?

डॉक्टरांनी माझे बोट धरून तिच्या गुडघ्यामागे लावले. तिथे दोरीसारखे कडक लागले. याला 'कॉन्ट्रॅक्चर' म्हणतात. सांधा फार दिवस वाकलेला राहिला की मागचे स्नायू आखडतात आणि पाय उघडत नाही. लकव्याने गेलेला जोर परत येणार नव्हता. पण गुडघा सरळ झाला तर लोखंडी आधार बांधून ती चालली असती. नाही झाला तर जन्मभर रांगणे.

तिला दाखल करून घेतले. पाय ओढला जावा म्हणून पंधरा दिवस पायाला पट्ट्या चिकटवून खाटेच्या टोकावरून वाळूची पिशवी टांगली. मग प्लास्टर. दर आठ दिवसांनी ते गुडघ्यामागे कापायचे, पाय थोडा उघडायचा, फटीत लाकडाचा तुकडा बसवायचा. त्या दिवशी ती अशी ओरडायची की मी व्हरांड्यात कानात बोटे घालून बसायचे. डॉक्टरांचा राग यायचा. मग स्वतःचा यायचा, तो जास्त टिकायचा.

तीन महिन्यांनी प्लास्टर निघाले. गुडघा बराच उघडला होता, पुरता नाही. "एक साल पहले लाते..." एवढेच डॉक्टर म्हणाले.

औरंगपुऱ्यातल्या एका मोच्याने कॅलिपर करून दिले. कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, वर चामड्याचे पट्टे आणि खाली बूट. ते चढवून मी तिला वॉर्डाच्या फरशीवर उतरवू लागले, तर तिने चांगला पायसुद्धा पोटाशी घेतला.

"नको आई, भुई नको. देवी रागावंल. मला पाप लागंल."

ज्याला त्याला मी नवस कौतुकाने सांगत होते आणि ही कडेवरून ऐकत होती. लकव्याने तिचा एक पाय नेला. दुसरा मी नेला होता.

मी तिच्यापुढे फरशीवर बसले. "नवस मी बोलले व्हते, कुमे. तू नाय. पाप लागलं तर मला लागंल."

"खरंच तुला लागंल?"

"व्हय."

हे बोलताना मी मनातून घाबरले होते. देवी हिचा दुसरा पाय नेईल, हिला पुन्हा ताप येईल, काय काय मनात आले. पण तिने पाय खाली सोडला. दोन पावलांत तोंडावर आपटली, ओठ फुटला. मी धावले, तर वॉर्डातल्या आयाने माझा दंड धरला.

"ऱ्हाऊ द्या बाई. पाय तिचा हाय, जोरबी तिलाच लावू द्या."

तशी ती कितीदा पडली, सांगता येत नाही. उठायला शिकायला तिला महिना लागला. न उचलायला शिकायला मला जास्त लागला.

नवस मोडला तो मोडलाच. डॉक्टरसाहेबांचे आणि त्या आयाचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. तुमच्या घरी असे मूल असेल तर आधी दवाखाना गाठा. नवस खुशाल बोला, पण तो तुमच्या अंगावर घ्या. उपास करा, अनवाणी चाला. लेकराच्या पायांवर बोलू नका.

कुमुदला आठव्या वर्षी शाळेत घातले. दाराशी मास्तरीण बाई आल्या, तिचा पाय पाहून त्यांचे डोळे भरले. त्यांनी तिला चटकन उचलून घेतले आणि वर्गाकडे निघाल्या.

"बाई, मला खाली ठेवा," कुमुद म्हणाली. "मी येते."

त्यांनी ठेवले. दारापासून तिच्या जागेपर्यंत वीसेक पावले असतील. मध्ये ती एकदा पडली, पोरी हसल्या. हजेरी घेऊन झाली तरी ती वाटेतच होती. मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.