मोडक्या खुर्चीचा मानकरी

"खंयसून इलंस?" म्हणजे कुठून आलास, असं विचारताना काका माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. बूट दिसले की साहेबांच्या टेबलासमोरची गादीची खुर्ची. चामड्याची चप्पल असेल तर हातवाली प्लास्टिकची. रबरी चप्पल, बाकडं. अनवाणी असेल तर भिंत, म्हणजे टेकून उभं राहायला.

तालुक्याच्या कचेरीतले ते शिपाई. तुमच्या तालुक्यातही असा एक माणूस असणार. नीट बघा, सापडेल.

मला पहिल्या दिवशी पाचव्याच प्रकारची खुर्ची मिळाली. तिचा मागचा पाय अर्धा मोडलेला होता. आमची संघटना तेव्हा मासळीवाल्या बायकांसाठी लढत होती. धक्क्याजवळची त्यांची बसायची जागा काढून तिथे एका रिसॉर्टवाल्याच्या पाहुण्यांच्या गाड्या लावायचं घाटत होतं. मी तावातावाने पत्रक पुढे केलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'माणूस तितका समान'. काकांनी ते वाचलं, उलटंसुलटं केलं, आठ घड्या घातल्या आणि माझ्या खुर्चीच्या मोडक्या पायाखाली सरकवलं.

"कागद जाड आसा हां तुमचो. बस आता, हलाची नाय."

मी उसळलो. "काका, ही खुर्ची मलाच का?"

"तू बसलंस की दोन तास उठणंस नाय, म्हणान."

"आणि बुटवाल्यांना गादी? हा भेदभाव आहे!"

"मी खुर्ची देतंय रे झिला. मान लोकांनी आधीच वाटलेलो."

यावर मी त्यांना वीस मिनिटं भाषण दिलं. मध्येच घसा कोरडा पडला, तेव्हा "काका, पाणी" म्हणालो. त्यांनी आणून दिलं. भाषण समतेवर होतं. आज आठवलं की लाज वाटते, तेव्हा नाही वाटली.

त्यांना बसायला दाराबाहेर एक स्टूल होतं. पण आतली घंटा वाजली की उठायचं, बूट दिसले की उठायचं. दिवसभर नुसत्या उठाबशा. तीन वर्षं त्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या मी, पण ते स्टुलावर सलग पाच मिनिटं टेकलेले काही दिसले नाहीत. आणि ही गोष्ट आमच्या एकाही पत्रकात आली नाही.

मग जिल्ह्याहून मोठे साहेब जागेचा निकाल लावायला आले. आम्ही फाटकाबाहेर घोषणा देत होतो. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर सुलामावशी. पायात काही नाही, टोपली पायरीवर ठेवलेली. काका बाहेर आले. सवयीप्रमाणे त्यांनी मावशीचे पाय बघितले, जरा थांबले आणि म्हणाले, "गो बाय, आत ये."

पुढचं मी खिडकीतून बघितलं. काकांनी मावशीला थेट गादीच्या खुर्चीवर बसवलं. हातात कपबशी दिली. "आता कोणय येवंदे, उठू नको हां."

"अरे, माझ्या लुगड्याक मासळीचो वास येता!"

"येवंदे. गादीक नाक नाय."

मोठे साहेब आत आले. समोर मानाच्या खुर्चीवर बाई, हातात कपबशी. त्यांनी आपोआप हात जोडले. "नमस्कार. आपण?"

"मी मासळी इकतंय. तीस वर्षां धक्क्यार बसतंय."

एकदा हात जोडल्यावर साहेब तिला उठ म्हणणार कसे? ऐकावं लागलं. सगळं.

तेवढ्यात रिसॉर्टवाले आले. चकचकीत बूट. काका शुद्ध मराठीत म्हणाले, "बसा साहेब," आणि माझी खुर्ची पुढे केली. पत्रक मात्र आधीच काढून घेतलं होतं. बिचारे अर्धा तास दोन्ही हातांनी टेबल धरून बसले. पुढे झुकले की खुर्ची डुले, मागे टेकले की पाय करकरे. त्यांच्या मुद्द्यांतही काही दम उरला नाही.

जागा राहिली. मावशी आजही तिथेच बसते. आम्ही 'लढ्याचा विजय' असं पत्रक काढलं. त्यातही काकांचं नाव नव्हतं.

ते निवृत्त झाले. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर सही घ्यायला आले. नव्या शिपायाने त्यांची रबरी चप्पल बघितली आणि मोबाईलवरून नजर न काढता बाकडं दाखवलं. बाकडं भरलेलं होतं. दुसऱ्या एका अर्जासाठी आलेलो मी माझ्या त्याच मोडक्या खुर्चीवरून उठलो. "काका, बसा."

त्यांनी आधी खाली वाकून पायाखाली पुन्हा सरकवलेल्या पत्रकाची घडी अंगठ्याने नीट दाबली, खुर्ची हलवून बघितली.

"माका कित्याक? मी जितो आसय, इतक्याच सांगूक इलंय."

मी हट्टाने बसवलं. ते अंग चोरून बसले. इतक्यात आत घंटा वाजली. नवा शिपाई हलला नाही. काका मात्र ताडकन उठले, "इलंय साहेब!" म्हणत कागदासकट आत गेले. दोन मिनिटांत सही घेऊन बाहेर. रांगेतले ओरडत राहिले, मी हसत राहिलो.

यंदा दाखल्यासाठी ते आले नाहीत. येणारही नाहीत.

काल मी त्याच खुर्चीवर बसलो होतो. आत घंटा वाजली. नव्या शिपायाने "हो, हो" म्हटलं आणि मोबाईल बघत राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी उठून उभा राहिलो होतो.