चालू मशीनवर फोडलेला नारळ

“उंदीर असेल,” मॅनेजरसाहेब म्हणाले.

पाचोऱ्याच्या एका बियाणे कंपनीत दुरुस्तीला आलेलो मी कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून बसलो होतो. आतून टक, टक, टक. मग शांत. पुन्हा टक, टक, टक. इतका शिस्तीचा उंदीर मी पाहिलेला नाही.

हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि तिच्यावरून, जवळपास चिकटूनच, वाचणारं हेड सरकतं. धडधाकट डिस्क सूं करून वेग घेते, जराशी किरकिरते आणि कामाला लागते. अशी टकटक म्हणजे हेडला वाचायची जागा सापडत नाही, ते पुन्हा पुन्हा मागे येतंय.

“काही आपटलं का साहेब?”

“छे!”

डब्याच्या फटीत खोबऱ्याचा तुकडा होता. आदल्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा. साहेबांनी चालू मशीनवर नारळ फोडलेला.

“बंद नाही केलं?”

“पूजेला देव जागा नको?”

साहेब बी.एस्सी. होते.

नक्कल असेल म्हणून मी फ्लॉप्या मागितल्या. प्रत्येकीवर ओल्या कुंकवाचं बोट, नेमकं उघड्या खाचेवर. म्हणजे त्याही बाद.

दारात नाना उभे. कपाशीचे वाण तेच तयार करायचे. सगळं गेलं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. “बठ्ठं गयं का रे भाऊ? सात वरीसनं काम शे त्यामा.”

साहेब म्हणाले, “पुण्याचा इंजिनियर फोनवर सांगतो, दहा वेळा चालू-बंद करा. तुझं शिक्षण किती?”

“नववी नापास.”

“मग?”

घर लांब कुडाळला, इथे माझ्या बाजूने बोलणारं कोणी नाही. डिस्क गेली तर खापर माझ्यावरच फुटणार. पण चालू-बंद करण्यात हेड चकती खरवडून काढतं, हे मला त्या इंजिनियरपेक्षा बरं कळत होतं. जळगावच्या दुरुस्तीच्या दुकानात मला ठेवून घेणाऱ्या रशीदभाईंचे उपकार. स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कला, मूठ कानाला, असं ऐकायला त्यांनीच शिकवलं.

मशीन बंद करून डिस्क बाहेर काढली, वायरी तशाच ठेवून. चालू केली. आडवी धरली की टकटक. कुशीवर उभी केली, टकटक विरळ झाली. आणखी थोडी कलती केली. किरकिर, किरकिर, आणि पडद्यावर अक्षरं आली.

“नाना, कोऱ्या फ्लॉप्या! मी सांगतो ते बटण दाबा. आधी तुमच्या नोंदी.”

हात बधिर झाला तरी हलवला नाही. अकरा फ्लॉप्या भरल्या. बारावीला डिस्क कायमची गप्प झाली. नानांचं सगळं वाचलं. गेली ती साहेबांची पत्रं.

नानांनी मला घरी जेवायला नेलं. साहेबांनी इंजिनियरला आभाराचा फोन केला.

पुढच्या वर्षी साहेब सुधारले. मशीन बंद करून नारळ फोडायचा म्हणाले, त्याच डब्यावर; आत आता नवी डिस्क. तेव्हापासून खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी पाचोऱ्याला जातो, सर्व्हिसिंगच्या नावाखाली डिस्क काढून आणतो. पूजा रिकाम्या डब्याची होते. देवाची अजून तक्रार नाही.